पेट्रोल ज्याचं त्याचं

पुण्यातल्या कॉलेजातल्या मोटरसायकलवेड्या पोरांनी जिमखान्याकडे अनुदान मागितलं, तेव्हा प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "भटकायला पैसे?" सरांचं अगदीच चुकत नव्हतं, अर्जात पेट्रोल आणि ताम्हिणीतला चहा-नाश्ता एवढंच तर होतं!

दुसऱ्या अर्जात आयएसआय छापाची हेल्मेटं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आलं. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळालंय, पहिल्या तासाला त्यात 'गोल्डन अवर' म्हटलंय, हेही लिहिलं. आदल्या पावसाळ्यात त्यांचाच एक मित्र घाटात बराच वेळ पडून होता. पोलिसांच्या कटकटीला भिऊन गाड्या थांबल्या नव्हत्या. हे मात्र अर्जात नव्हतं. सरांनी विचारलं, तेव्हा एकानं हळूच सांगितलं.

निम्मी रक्कम मंजूर झाली. पेट्रोलचा रकाना सरांनी स्वतःच्या हातानं खोडला.