उस पार

ज्येष्ठातल्या दुपारी ब्रह्माघाटावरच्या मावशीच्या माडीवरून गंगा बघायची नसते, बघायची असते पलीकडची रेती. पात्र आक्रसलेलं, आणि त्याच्या पूर्वेला ना घर ना झाड असा पांढरा फटक पट्टा. काशीकर त्याला नुसतं 'उस पार' म्हणतात. लू सुटली की ती रेती थरथरायला लागते, तिच्यावर पाण्यासारखं काहीतरी चकाकतं. हिवाळ्यात प्रवाशांना मिरवणारे उंट या दिवसांत दिसले नाहीत, नाहीतर चित्र पुरं झालं असतं.

त्या माडीवर, खुरखुरणाऱ्या पंख्याखाली, मी मोबाइलवर 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स' पाहिला. १९५८चा, कृष्णधवल. तोब्रुकमधून केटी नावाची रुग्णवाहिका अलेक्झांड्रियाकडे निघते. दारूनं पोखरलेला कप्तान जॉन मिल्स ठरवून टाकतो, आता घोट घ्यायचा तो अलेक्झांड्रियात, गार बिअरचा. एका जागी वाळूचा चढ काही केल्या चढवेना, तेव्हा ही माणसं हँडल मारमारून गाडी उलटी, मागच्या मागे, इंचाइंचानं वर नेतात. बघताना आपलेच खांदे भरून येतात. गोळीबार थोडका, खरं युद्ध वाळूशी आणि तहानेशी. इंग्रजांचे वाळवंटी युद्धपट मला आवडतात ते एवढ्याचसाठी. १९६५च्या 'द हिल'मध्ये तर शत्रू दिसतच नाही. लष्करी तुरुंग, आवारात रचलेली वाळूची टेकडी, आणि भर उन्हात कैद्यांना तिच्यावर पळवणारे त्यांचेच अंमलदार.

वाळवंट अस्सलच हवं असंही नाही. १९४३चा 'नाइन मेन' वेल्समधल्या मार्गमच्या किनाऱ्यावर चित्रित झाला. वेल्सची वाळू लिबिया होते, तर गंगेची का नको?

मावशी चष्मा पुसत मागून डोकावली. "सगळे गोरेच का रे यात?"

गोरेच. या जातीच्या सिनेमातला ठळक हिंदी चेहरा आठवायचा तर 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'तले आय. एस. जोहर, आणि तेही अरब गासिम झालेले.

केटी ज्या तोब्रुकमधून सुटते, तिथे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. २० जून १९४२च्या पहाटे रोमेलनं घाव घातला तो नेमका तिच्याच हद्दीवर. आधी स्टुका विमानं, मागून रणगाडे. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. साताऱ्याकडची, कोकणातली पोरं ती. घरी पेरणीची घाई, आणि यांच्यापुढे मैलोगणती नापीक माती. त्यांच्या डोळ्यांनी तो दिवस दाखवणारा सिनेमा मी अजून पाहिलेला नाही. इंग्रजांनी काढला नाही याचा राग नाही. आपण तरी कुठे काढला?

ऊन कलल्यावर घाटाघाटानं मणिकर्णिकेपर्यंत चालत गेलो. वाटेत भोसले घाट, शिंदे घाट. आपल्याच आडनावांच्या पायऱ्या. मणिकर्णिकेवर लाकडांच्या राशी घरांहून उंच रचलेल्या, खाली काठाला लाकडानं लादलेल्या नावा. ओंडके काट्यावर तोलून द्यायचं काम चाललेलं, शेजारी भाव करणारे आवाज. इथे मरणाला कशाची ददात नाही, निदान लाकडाची तरी नाही. आणि जिथे काडीसुद्धा उगवत नाही, तिथे चिता कशाची रचली असेल? बिअरच्या एका पेल्यासाठी अख्खा सिनेमा तळमळतो. पेट्यांच्या फळ्या गोळा करत फिरणारा कुणी शिपाई मला त्यात दिसत राहिला.

वर आलो तेव्हा मावशीनं पन्ह्याचा तांब्या पुढे केला. गार होतं.

अल अलामीनच्या युद्धस्मशानात, आग्नेय भागात, एक वेगळं स्मारक आहे. इजिप्त आणि लिबियात ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला, अशा ६००हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत.