वार्षिक फीचा महिना

क्रेडिट कार्ड घेण्यात काही पराक्रम नाही. ऑफिसच्या कॅन्टीनबाहेर टेबल मांडून बसलेल्या मुलाला पॅन कार्डाची झेरॉक्स आणि पगाराची स्लिप दिली की काही दिवसांत कार्ड घरपोच येतं, वर एखादी ट्रॅव्हल बॅगही मिळते. बंद करायला मात्र चिकाटी लागते. माझ्या पर्समध्ये आजवर बरीच कार्डं आली आणि गेली. बँकेचा हिशेब मला उमगला तो ती घालवताना.

सुरुवातीच्या कार्डाबरोबर गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका आली होती. टोस्टर, इस्त्री, डिनर सेट, मनगटी घड्याळं आणि प्रत्येकाखाली पॉइंटांचा आकडा. आई ती दिवाळी अंकासारखी चाळायची. "अगं, इस्त्री घे ना, फुकट आहे!" मी एकदा कागद-पेन घेऊन बसले. शंभर रुपयांना एक पॉइंट, पॉइंटाची किंमत २५ पैसे. म्हणजे शंभराची नोट मोडली की चार आणे परत. हजार रुपयांच्या इस्त्रीसाठी चार लाखांची खरेदी हवी! वर वस्तू मागवायचे वेगळे ९९ रुपये, त्यावर कर. वार्षिक फी पाचशेच्या घरात होती आणि माझ्या तेव्हाच्या खर्चातून तीसुद्धा सुटत नव्हती. बंद केलेलं पहिलं कार्ड ते.

पुढे पॉइंटांचा खेळ रंगत गेला. एसबीआयच्या सिंपलीक्लिकवर ठरावीक वेबसाइटवर दहापट पॉइंट मिळायचे. एचडीएफसीच्या रेगालियाचा पॉइंट विमानाच्या तिकिटाला ५० पैशांचा, तोच बिलात वळता केला तर २० पैशांचा. मला यात गंमत वाटायची, नाकारत नाही. दिराच्या लग्नात कोणती खरेदी कोणत्या कार्डावर केली की फीमाफीचा टप्पा गाठता येईल, हे मी सासूबाईंना सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरेदी रोखीने केली.

२०१८ मध्ये अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड आलं. आयुष्यभर फी नाही. प्राइम असेल तर अ‍ॅमेझॉनवर पाच टक्के, बाहेर बहुतेक ठिकाणी एक टक्का, आणि तेही सरळ रुपयांत जमा. बाकीची कार्डं त्याच्या शेजारी ठेवून पाहिली आणि एकेकाची पाळी आली.

वेळ निवडावी ती वार्षिक फी लागण्याच्या महिन्याची. आधी फी माफ करता का, असं विचारलं तर "सिस्टीममध्ये ऑप्शन नाही, मॅडम" हे ठरलेलं उत्तर. मग म्हणायचं, कार्ड बंद करा. फोन लगेच दुसऱ्या विभागाकडे जातो, आवाज मऊ होतो. "मॅडम, तुम्ही आमच्या इतक्या जुन्या कस्टमर, काही अडचण झाली का?" मघाशी सिस्टीममध्ये नसलेली माफी आता सापडते. तरी आपण अडून राहिलो तर दोन हजार पॉइंट, मग वरच्या श्रेणीचं कार्ड. मात्र बंद करायची खरोखर तयारी असेल तरच हा फोन करावा. माझ्या मैत्रिणीने नुसतं घाबरवायला केला, तर समोरचा "ओके मॅडम" म्हणून मोकळा झाला.

एका बँकेने मात्र छळलं. फोनवर बंद होत नाही, पत्र लिहा. कार्ड चिपवरून कापून, तुकडे जोडून चेन्नईच्या पोस्ट बॉक्सवर पाठवा. पाठवले. पुढच्या स्टेटमेंटमध्ये फी लागली, त्याच्या पुढच्यात ती फी न भरल्याचा दंड. हे रडगाणं चालू असतानाच रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाले. थकबाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. लागलेली फी उलटवून घेतली आणि नव्या विनंतीच्या मेलमध्ये ते कलम तसंच्या तसं चिकटवलं. कार्ड मुदतीच्या आत बंद झालं, पाचशे काही मिळाले नाहीत.

हे पॉइंट येतात कुठून, हा प्रश्न मला उशिरा पडला. थोडे दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनमधून येतात. बाकीचे येतात ते 'मिनिमम ड्यू' भरून उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर, व्याज देणाऱ्यांच्या खिशातून. विमानतळाच्या लाउंजमध्ये दोन रुपयांत इडली खाताना हे आठवलं की ती फार गोड लागत नाही. खाते मात्र.

आणि हे औदार्य टिकतही नाही. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्यात लाखभर खर्च केला की २५,००० पॉइंट वर मिळायचे. ऑफिसातला एक सहकारी त्यासाठी विम्याचा हप्ता, मुलाची फी, शेजाऱ्यांचा फ्रिजसुद्धा आपल्या कार्डावर घ्यायचा. १ सप्टेंबर २०२३ पासून ते पॉइंट बंद झाले आणि वार्षिक फी १०,००० वरून १२,५०० झाली. तो महिनाभर घरात सुतक असल्यासारखा वावरत होता. मी त्याच्या जागी असते तर तोवर मिळालं ते पदरात पाडून शांतपणे कार्ड बंद केलं असतं.

नवऱ्याचं म्हणणं, "सारखी कार्डं बंद करून तुझा सिबिल पडेल." त्यात तथ्य आहे, म्हणून सगळ्यात जुनं बिनफीचं कार्ड मी ठेवलं आहे. वर्षभर वापरलं नाही तर बँक कळवून ते बंद करू शकते, म्हणून अधूनमधून त्यावर वीजबिल भरते. इतर कार्डांचं मात्र ठरलेलं आहे: आधी पॉइंट संपवायचे, ऑटो डेबिट दुसरीकडे वळवायचे, बाकी शून्य करायची, 'नो ड्यूज'चा मेल जपून ठेवायचा, आणि वर्षातून एकदा फुकट मिळणाऱ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं 'क्लोज्ड' दिसतंय ना ते बघायचं.

परवा एक कार्ड अ‍ॅपमधूनच बंद केलं. ना फोन, ना "जुन्या कस्टमर", ना दोन हजार पॉइंट. कारणांची यादी तेवढी आली: फी जास्त, सेवा असमाधानकारक, कार्डाची गरज नाही, इतर. मी 'इतर' निवडलं, तर खाली चौकोन उघडला, 'कृपया तपशील द्या'. त्यात मी लिहिलं, "तुम्ही फोन का केला नाहीत?"