बांतेनच्या मिनारावरून

जावा बेटाच्या पश्चिम टोकाकडे बांतेन लामा हे जुने बंदर आहे. जकार्ताहून सेरांगला आलो आणि तिथून लहान गाडीने जामा मशिदीपाशी. मशीद सोळाव्या शतकातली, मौलाना हसनुद्दीन यांच्या काळातली. एकावर एक पाच छपरे आणि समोर दीपगृहासारखा पांढरा मिनार. शेजारी सुलतानांच्या कबरी, जियारतीला येणाऱ्यांची रीघ. आम्हा कोकणातल्या माणसांना ते वातावरण परके वाटले नाही.

मिनाराचा जिना इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस चढतो. वरून समुद्र दिसतो. त्याच उपसागराच्या तोंडाशी २८ फेब्रुवारी १९४२ ची रात्र उलटताना जपानी आरमाराने अमेरिकेचे ‘ह्यूस्टन’ आणि ऑस्ट्रेलियाचे ‘पर्थ’ बुडवले. सुमारे हजार माणसे गेली. वाचलेले कैदी झाले, त्यांतल्या अनेकांना बर्मा-सयाम रेल्वेवर राबवले. बुडालेल्यांना वेगळी कबर नाही. जहाज हीच त्यांची कबर.

पाणी तिथे फार खोल नाही. पाणबुडे उतरतात, भंगारवालेही उतरतात. २०१४ साली अमेरिकी आणि इंडोनेशियन आरमाराच्या पाणबुड्यांनी ‘ह्यूस्टन’ तपासले, तेव्हा रिव्हेट आणि पत्रे काढून नेल्याच्या खुणा सापडल्या. ‘पर्थ’ची लूट तर याहून मोठी.

त्याच्या आदल्या वर्षी एका पाणबुड्याने ‘ह्यूस्टन’मधून एक ट्रम्पेट विनापरवानगी वर आणला होता. बँडवाल्यांकडे असतो तसाच. पुढे तो अमेरिकी आरमाराकडे पोहोचता झाला आणि वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत गेला. युद्धजहाज बुडाले तरी मालकी त्या देशाचीच राहते. २००४ पासून अमेरिकेत त्यासाठी वेगळा कायदाही आहे.

अशा वस्तूचे जतन मोठे किचकट. समुद्राचे मीठ धातूत मुरलेले असते. वस्तू नुसती वाळू दिली तर त्या मिठाचे खडे होतात, हवेतल्या ओलाव्याने पितळेवर हिरवी भुकटी धरते आणि धातू आतून खाल्ला जातो. म्हणून ती आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची. पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे, त्यातले मीठ मोजायचे. हे महिनोन्‌महिने चालते. मग हलक्या हाताने सफाई, सुकवणे आणि वरून संरक्षक लेप. घरी आणून शोकेसमध्ये ठेवणाऱ्या हौशी पाणबुड्याला यातले काय जमणार?

कुणी म्हणेल, चोरीची वस्तू इतक्या निगुतीने कशाला जपायची? आमचे मत वेगळे आहे. दोष नेणाऱ्याचा, वस्तूचा नव्हे. हाती आली ती अमानत झाली, ती सांभाळलीच पाहिजे. पण ट्रम्पेट जहाजात नेमका कुठे, कशाशेजारी पडला होता, त्यावरून त्या रात्रीचे काही कळले असते. ते आता कोणतीही प्रयोगशाळा परत देणार नाही.

‘पर्थ’भोवतीचा समुद्र इंडोनेशियाने २०१८ मध्ये संरक्षित जाहीर केला, तोवर जहाजाचा बराच भाग गेलेला होता. मिनारावरून यातले काहीच दिसत नाही. दिसतात त्या मासेमारीच्या होड्या. बांतेनला जाल तर सकाळीच मिनार चढा. दुपारी जिन्यात फार उकडते.