तीन पायांची टिकली

‘आपल्याकडे कुत्रा पाळू या ना!’ हे वाक्य तुमच्यापैकी निम्म्या जणांनी तरी घरी म्हटलेलं असणार. आणि म्हणताना डोळ्यांपुढे काय असतं? गुबगुबीत, मऊमऊ, दोन हातांत मावेल असं पिल्लू! आमच्याकडेही तेच होतं. थोरला सातवीत, धाकटी चौथीत. दोघांनी पिल्लाचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं, ब्रूनो. पिल्लाचा पत्ता नव्हता, पण ब्रूनोचा लाल पट्टा मात्र खिळ्याला टांगलेला होता.

ही गोष्ट 2022 च्या जूनमधली. आम्ही पुण्यात राहतो. शहराबाहेर प्राण्यांचा एक निवारा आहे. रस्त्यावर जखमी झालेली, कुणी सोडून दिलेली कुत्री-मांजरं तिथं आणतात. कुत्रा आणायचा तर तिथूनच, विकत नाही, एवढं माझं आणि बायकोचं ठरलेलं होतं. एका रविवारी पोरांना घेऊन गेलो.

पिल्लांच्या जाळीपाशी ही गर्दी! मोठ्या कुत्र्यांकडे मात्र शुकशुकाट. तिथल्या ताई म्हणाल्या, “पिल्लं जातात हो. मोठी राहतात. काही तर आयुष्यभर.” त्या मोठ्यांमध्ये एक तांबूस कुत्री भिंतीला टेकून उभी होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. वय असेल चारेक वर्षं. गाडीखाली सापडल्यामुळे पुढचा डावा पाय खांद्यापासून काढावा लागला होता. एका कानाला खाच होती. धाकटीला वाटलं, कानही अपघातातच फाटला. तसं नव्हतं. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करून त्याला रेबीजची लस टोचली, की खूण म्हणून भुलीतच कानाला अशी खाच पाडतात. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान बघा, एखादा तरी सापडेल. (बघा म्हणजे लांबून बघा, बरं का!)

टिकली आमच्याजवळ आली नाही. शेपटीही हलवली नाही. धाकटी जाळीबाहेर मांडी घालून बसली, तर तिनं तोंडच फिरवलं. परतीच्या वाटेवर धाकटी एकदम म्हणाली, “बाबा, ब्रूनोला कुणीही नेईल. हिला कोण नेणार?” थोरला गप्प. त्याचा ब्रूनो गेला होता ना! दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी पट्टा हातात घेऊन आला आणि म्हणाला, “भोकं वाढवली तर हिलाही बसेल.”

तुम्हाला वाटेल, फुकटचं कुत्रं, न्यायला काय लागतंय? छे! आधी एक भला मोठा फॉर्म. मग ताई स्वतः घरी आल्या. गॅलरीच्या गजांमधून कुत्रं पडेल का, घर दिवसाचे किती तास रिकामं असतं, गावाला गेलात तर ही कुणाकडे राहणार, डॉक्टरचा खर्च कोण करणार, सगळं विचारलं. मला या चौकश्या आवडल्या. एकदा टाकलेल्या जनावराला पुन्हा कुणी टाकू नये म्हणूनच त्या होत्या. शेवटचा प्रश्न होता, “घरातल्या सगळ्यांना चालणार आहे ना?”

तिथं अडलं. माझी आई, म्हणजे मुलांची आजी, तेव्हा ऐंशी वर्षांची होती. ती एरवी कशाला नाही म्हणायची नाही. त्या दिवशी मात्र ताईंना म्हणाली, “मला भीती वाटते.” आणि तिनं जे सांगितलं, ते मीही पहिल्यांदाच पुरतं ऐकलं. ती आठ वर्षांची होती, तिचा भाऊ सहा. साताऱ्याकडचं डोंगरातलं गाव. खळ्यावर एक कुत्रं त्याच्या पिंढरीला चावलं. घरच्यांनी हळद भरली, कुणीतरी झाडपाल्याचं औषध दिलं. जखम भरूनही आली. दीड महिन्यानं त्याला पाणी गिळता येईना. “तांब्या दिसला तरी किंचाळायचा,” आई म्हणाली. “तीन दिवसांत गेला.”

खोलीत कुणी बोलेना. ताईंनी वाद घातला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “आजी, तुमची भीती खरी आहे.”

खरीच आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की रोगी बहुधा वाचत नाही. पण चावल्यावर वेळेवर लस घेतली तर रोग होतच नाही म्हटलं तरी चालेल. लुई पाश्चरनं 1885 साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचली आणि तो मुलगा जगला. आजीचा भाऊ गेला 1950 साली. म्हणजे लस जगात येऊन पासष्ट वर्षं झाली होती, ती त्या गावापर्यंत पोचली नव्हती. पुढे कितीतरी वर्षं लोक पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरून दवाखान्यात जायचं टाळत. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडावर चार-पाच सुया, ठरलेल्या दिवशी. म्हणून कुत्रं किंवा मांजर चावलं, नुसतं ओरखडलं, तरी घरी लपवायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद नाही, चुना नाही, मिरची नाही.

आजीनं टिकलीचं लसीचं कार्ड मागून घेतलं. चष्मा लावून तारखा वाचल्या. मग तीन अटी घातल्या. देवघरात यायचं नाही. दर वर्षी सुई चुकवायची नाही. “आणि मी तिला हात लावणार नाही.”

“नकाच लावू,” ताई हसल्या. “तिला तेच आवडेल.”

त्या असं का म्हणाल्या, ते टिकली आल्यावर कळलं. मुलांनी दारात रांगोळी काढली होती, तिच्यासाठी बिस्किटं मांडली होती. टिकली आली ती सरळ दिवाणाखाली. संपली मिरवणूक! अहो, आपण तिला ‘घरी’ आणलं हे आपल्याला माहीत. तिच्या दृष्टीनं काही अनोळखी माणसांनी तिला उचलून कुठंतरी बंद केलं होतं. ताईंनी सांगितलेलं होतं, पहिले दिवस आंघोळ नको, पाहुणे नकोत, डोळ्याला डोळा लावून बघू नका, डोक्यावर हात नेऊ नका. वरून येणारा हात म्हणजे मार, असं तिला वाटू शकतं. मुलांचे मित्र बघायला आले, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. धाकटीनं मात्र शक्कल काढली. दिवाणाकडे पाठ करून बसायची आणि मराठीचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. रोज अर्धा तास. टिकलीला काय कळलं देव जाणे, धाकटीचं वाचन मात्र सुधारलं!

दोन दिवस ती दिवसा काही खात नव्हती. रात्री आम्ही झोपलो की वाटीतला भात आणि अंडं संपायचं. नवव्या दिवशी धाकटी वाचत असताना तिच्या कोपराला काहीतरी ओलं लागलं. नाक! पोरगी शहाणी, मागं वळली नाही. वाचत राहिली. पान उलटताना हात थरथरत होता, एवढंच.

फरशी तिचा शत्रू निघाली. तीन पायांवर धावताना घसरायची. मग घरभर जुन्या सतरंज्या, चटया. कमी पडल्या तेव्हा आजीनं ट्रंकेतून आपली लुगड्याची गोधडी काढून खोलीच्या उंबऱ्याशी टाकली. “माझा पाय घसरतो म्हणून,” म्हणाली. तिचं वजन वाढू द्यायचं नसतं, नाहीतर उरलेल्या पायांवर भार येतो. (टिकलीचं, आजीचं नव्हे!) खाण्यातही पथ्यं. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विषासारखे. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. थोरल्यानं ही यादी फ्रिजवर चिकटवली. ब्रूनोला तो विसरला होता का? विचारलं नाही. पट्टा मात्र रोज तोच बांधायचा.

दिवाळीत फटाक्यांनी ती न्हाणीघरात जाऊन बादलीमागं बसली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी उठलो, तर बाहेर स्टुलावर आजी. हातात माळ. आतून टिकलीच्या धापा ऐकू येत होत्या. “झोप जा,” आजी म्हणाली, “मला तशीही झोप नाही.”

आजीनं तिला अजून हात लावलेला नाही. टिकली गोधडीवर झोपते, आजी खुर्चीत बसते, मध्ये हातभर अंतर. दोघींनाही ते पुरतं. दर जानेवारीत नवी दिनदर्शिका भिंतीवर आली, की आजी पेन मागते. आधी एकादश्या बघते, मग नातवंडांचे वाढदिवस लिहिते, आणि जून महिन्याचं पान उलटून एका चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिते, ‘टिकलीची सुई’.