पाइनच्या कडेचं मैदान

मिनियापोलिसहून आय-९४ महामार्गाने वायव्येकडे निघालं, की सेंट क्लाउडच्या पुढे कॉलेजव्हिलचा फाटा लागतो. आत वळल्यावर वास्तुकार मार्सेल ब्रॉयरच्या मठ-चर्चपुढचा काँक्रीटचा अजस्र घंटा-फलक लगेच नजरेत भरतो. फुटबॉल स्टेडियम मात्र शोधावा लागतो. सेंट जॉन्स या बेनेडिक्टाइन कॉलेजचा क्लेमेन्स स्टेडियम १९०८ सालचा. तो जमिनीच्या नैसर्गिक खोलगटात बसवला आहे. कडेला उतार, उतारावर पाइन. बाकांवर साडेसात हजारांच्या आसपास माणसं मावतात. अमेरिकन फुटबॉलच्या या देशात मिशिगन विद्यापीठाचा स्टेडियम लाखावर प्रेक्षक घेतो. त्यापुढे हा आकडा किरकोळच. पण हे मैदान कॉलेजच्या अंगाला बेतलेलं राहिलं, म्हणूनच इथला खेळ विद्यार्थ्यांचा राहिला, असं माझं ठाम मत आहे.

लहान मैदान म्हणजे दुय्यम खेळ, हा आक्षेप इथे टिकत नाही. जॉन गॅग्लियार्डी यांनी १९५३ ते २०१२ इथे प्रशिक्षण दिलं आणि कारकिर्दीत एकूण ४८९ सामने जिंकले. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमधला तो विक्रम आहे. त्यांच्या सरावात शिट्टी नसे, एकमेकांना धडक देऊन पाडणं नसे, आणि पोरांनी त्यांना ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचं असे. हाडं शाबूत ठेवून, डोक्याने खेळायला शिकवण्याची ही रीत. याच रीतीच्या संघाने २००३ मध्ये आपल्या श्रेणीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, सलग ५५ सामने जिंकून आलेल्या माउंट युनियन कॉलेजला हरवलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे कॉलेज अमेरिकन कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत (डिव्हिजन थ्री) खेळतं आणि त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मग गरीब घरच्या गुणी खेळाडूने काय करायचं? अडचण खरी आहे, खासगी कॉलेजची फीही भारी असते. पण घरची परिस्थिती आणि अभ्यास पाहून मदत मिळू शकते, आणि गुडघा दुखावला म्हणून ती जात नाही. पोराच्या शिक्षणाला यापेक्षा भक्कम आधार मला दिसत नाही.

राहिला गर्दीचा प्रश्न. २०१५ मध्ये जुना प्रतिस्पर्धी सेंट थॉमस खेळायला आला, तेव्हा १७,३२७ प्रेक्षक लोटले. म्हणजे मोठेपणाची ओढ इथेही आहेच. पुढे २०१९ मध्ये त्याच सेंट थॉमसला मिनेसोटातल्या कॉलेजांच्या संघटनेने, बरोबरीची स्पर्धा उरत नाही म्हणून, बाहेर काढलं; ते २०२१ मध्ये थेट पहिल्या श्रेणीत गेलं. निर्णय कठोर होता, आणि त्यात या मैदानाची सगळ्यात रंगणारी लढत गेली. तरी त्यामागचं कारण मला पटतं.