आमचें घोरणें

घोरणें हा विषय विनोदी लेखकांचा, वैद्यांचा नव्हे, अशी साठी उलटेपर्यंत आमची पक्की समजूत होती. घरांत लग्नकार्य निघालें आणि पाहुण्यांचीं अंथरुणें माजघरांत ओळीनें पडलीं, कीं आमच्या शेजारची जागा हटकून रिकामी राहावयाची. मेहुणेमंडळी आम्हांस कुंभकर्ण म्हणत आणि आम्हीही त्या उपाधीनें सुखावत असूं. ज्याचें मन स्वच्छ त्यासच अशी गाढ झोप लागते, असें समर्थन वर तयार असे. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसास आपल्या दोषाचें समर्थन सुचावयास वेळ लागत नाहीं.

आमच्या सौभाग्यवतीनें मात्र या थट्टेंत कधीं भाग घेतला नाहीं. त्याचें कारण आम्हांस फार उशिरां कळलें.

निवृत्तीनंतर आमची प्रकृति हळूहळू खालावत चालली होती. सकाळीं उठावें तों डोकें जड व तोंड कोरडें. रात्रीं तीन-चार वेळां लघवीस उठावें लागे. रक्तदाबासाठीं डॉक्टरांनीं एकीच्या दोन व दोहोंच्या तीन गोळ्या केल्या, तरी तो उतरेना. दुपारीं वाचावयास बसलों कीं पुस्तक छातीवर पडे. हें सारें आम्हीं वयावर लोटून दिलें होतें. पण एके दिवशीं नातवास मागें बसवून शाळेंतून स्कूटरवर आणीत असतां आमचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून खडींत शिरली. त्याचें कोपर खरचटलें व आमचा गुडघा सुजला, एवढ्यावरच निभावलें. "आजोबा, तुम्ही झोपला होतां का?" असें त्यानें विचारलें. "खड्डा चुकवीत होतों," असें आम्ही म्हणालों. मुलांना सत्याचे धडे देणाऱ्या आमच्या तोंडून इतकें निलाजरें असत्य पूर्वीं कधीं निघालें नसेल.

त्या रात्रीं सौभाग्यवतीजवळ खरें तें सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुमच्या घोरण्याची मला भीति वाटत नाहीं. तें थांबतें ना, त्याची वाटते. थांबलें कीं मी आंकडे मोजतें. वीस झाले तरी श्वास आला नाहीं, तर कोपरानें ढोसतें. मग तुम्ही आचका देऊन पुन्हां घोरूं लागतां."

"केव्हांपासून चाललें आहे हें?"

"धाकटीच्या लग्नापासून."

म्हणजे अकरा वर्षें! आम्ही निश्चिंत निजत होतों आणि ती आमचे श्वास मोजीत जागी होती. "मग सांगितलें कां नाहींस?" असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "दोनदां सांगितलें. दोन्ही वेळां तुम्ही कुंभकर्णाची गोष्ट सांगितलीत."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

धाकट्या कन्येनें आम्हांस पुण्यास नेऊन निद्राविकारांच्या जाणत्या डॉक्टरांस दाखविलें. बोटास चिमटा, छातीस पट्टा व नाकाशीं नळी लावून एक रात्र आमच्या झोपेची परीक्षा झाली. जन्मभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. आतां आपली पाहावयाची पाळी आली. तासांत 41 वेळां आमचा श्वास अडत होता! दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबला अथवा पुष्कळसा मंदावला, तर ती एक खेप धरतात. तासास पांचाच्या आंत खेपा असल्यास प्रौढ माणसानें चिंता करूं नये. तीस वा अधिक झाल्या तर विकार तीव्र समजतात. इंग्रजींत यास स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण निद्राश्वासरोध म्हणूं.

जागेपणीं घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी ठेवितात. झोपेंत ते सैलावतात. वाट अरुंद झाली कीं मऊ टाळू व पडजीभ हवेनें थरथरूं लागतात. तोच घोरण्याचा ध्वनि. कित्येकांत ही वाट पार मिटते. छाती ओढ घेत असते, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हां सुरू होतो. आणि सकाळीं यांतील कांहींही आठवत नाहीं. आमची गाढ झोप ती हीच! अशा ओढाताणीनें रक्तदाब चढतो, हृदयावर भार पडतो, रात्रीं लघवीही वाढते. आम्हीं वयावर लोटलेलीं लक्षणें अशीं एका सूत्रांत ओंवलेलीं निघालीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 21व्या अध्यायीं अतिस्थूल माणसाचे दोष आणि निद्रेचा विचार एकत्रच आला आहे. तो अध्याय आम्हीं वाचला होता. पण वाचणें आणि स्वतःस लावून पाहणें यांत अंतर असतें.

उपाय प्रत्येकास एकच नसतो. वजन उतरविणें, कुशीवर निजणें, मद्य वर्ज्य करणें, मनानेंच झोपेच्या गोळ्या न घेणें हें सर्वांस हितावह. नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार. कांहींस खालचा जबडा पुढें धरणारें दंतवैद्यांचें साधन, तर कांहींस शस्त्रक्रिया उपयोगी पडते. आम्हांस सीपॅप नांवाचें यंत्र सांगण्यांत आलें. सिडनी येथील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं 1981 सालीं ही युक्ति प्रसिद्ध केली. मुखवट्यावाटे हवेचा मंद दाब घशांत राहतो व वाट मिटत नाहीं. यंत्रानें रोग नाहींसा होत नाहीं. तें लावावें तोंवरच गुण.

पहिले आठ दिवस आम्हीं तो मुखवटा मध्यरात्रीं उपटून टाकला. आरशांत पाहिलें तर गजाननाचें ध्यान! मग लहान मुखवटा आणविला, दुपारीं वाचतांना लावून संवय केली. तीन आठवड्यांनीं एके सकाळीं जाग आली तेव्हां डोकें हलकें होतें. असेंही उठतां येतें याचा आम्हांस विसरच पडला होता. पुढें डॉक्टरांनीं रक्तदाबाची एक गोळी कमी केली. त्यांची अनुज्ञा मिळेपर्यंत आम्हीं स्कूटरला हात लावला नाहीं. आणि नातवासही खरें काय तें सांगितलें.

या निमित्तानें एक जुनी गोष्ट मनांस टोंचूं लागली आहे. सातवीच्या वर्गांत शेवटच्या बाकावर एक मुलगा नेहमीं उघड्या तोंडानें श्वास घेत पेंगत असे. विद्यार्थ्याची झोप श्वानासारखी सावध असावी, हें सुभाषित आम्हीं त्यास शंभरदां लिहावयास लाविलें. पुढें नापास होऊन त्यानें शाळा सोडली. मुलांत टॉन्सिल व नाकामागील ग्रंथि वाढल्यानें हाच विकार होतो, मूल पेंगतें वा चिडचिडें होतें, अभ्यासांत मागें पडतें, आणि त्या काढल्यानें बहुधा गुण येतो, असें डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां आम्हांस तो मुलगा दिसला. त्याचा रोग तोच होता असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं. पण मुलगा रात्रीं घोरतो काय, एवढें त्याच्या आईस विचारावयास काय हरकत होती?

वाचकहो, घोरणारा प्रत्येक मनुष्य रोगी नसतो. पण घोरतांना श्वास अडत असेल, दिवसा पेंग येत असेल, रक्तदाब हटत नसेल, तर थट्टा पुरे करून डॉक्टरांकडे जावें. घोरणाऱ्यास आपलें घोरणें ऐकूं येत नाहीं. तें शेजारीं जागणाऱ्यानेंच सांगावयाचें असतें, आणि घोरणाऱ्यानें तें पहिल्याच वेळीं ऐकावयाचें असतें.

यंत्राच्या पहिल्या रात्रींच्या शांततेनें सौभाग्यवतीस झोप आली नाहीं. दोनदां तिनें आमच्या छातीवर हात ठेवून पाहिला. आतां ती स्वस्थ निजते. परवां रात्रीं आम्हांस जाग आली, तों तीच घोरत होती! उतारवयांत स्त्रियांसही हा विकार जडतो, हें आठवलें. तिचें घोरणें मंद व अखंड होतें. तरी आम्ही बराच वेळ आंकडे मोजीत जागे राहिलों.