भाऊंची राहिलेली कार्डं

पुणे

प्रिय शुभा,

परवा फोनवर तू विचारलंस, "कोण गं हे भाऊ? नात्यातले का?" मला पटकन काही सांगता येईना, आणि तेवढ्यात तुझी बस आली. म्हणून आता सविस्तर लिहितेय.

भाऊ कराडचे, आमच्या सकाळच्या नेटवरचे. हे नेट म्हणजे तुझं इंटरनेट नव्हे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर सगळ्या हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, जमायचं आणि एकाने हजेरी घ्यायची, त्याला आम्ही नेट म्हणतो. तू ज्याला माझं खरखरयंत्र म्हणतेस, त्याच्यावर मी या माणसाशी वर्षानुवर्षं रोज बोलले. प्रत्यक्ष भेट झाली ती एकदाच, एका मेळाव्यात, तीही जेवणाच्या रांगेत. मी 'नमस्कार' म्हटल्याबरोबर त्यांनी मान वळवली आणि माझा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं माझं ओळखनाव, सांगितला. चेहरा पाहण्याआधी!

ते हजेरीला आले नाहीत, तेव्हा पहिला संशय आम्ही सूर्यावर घेतला. हसू नकोस. चाळीस मीटर बँडवरचा आवाज वर आयनांबरापर्यंत जाऊन परत खाली येतो. सूर्यावर खळबळ झाली की ते वरचं गणित बिघडतं. त्यामुळे कुणी ऐकू आलं नाही की आम्ही 'आज प्रोपगेशन खराब' म्हणून मोकळे होतो. पण दुसऱ्या दिवशी सातारा ऐकू येत होतं, कोल्हापूर लख्ख येत होतं, मधलं कराड तेवढं नाही. मग हजेरी घेणाऱ्या नेट कंट्रोलवाल्यांनी घरचा फोन लावला. वहिनींनी उचलला. भाऊ गेले होते.

व्हॉट्सॲपवर लगेच जोडलेल्या हातांची आणि गुलाबांच्या चित्रांची रांग लागली. मला ते सहन होईना, मी गट बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवर मात्र निराळंच घडलं. आमच्याकडे बोलताना बटण दाबून धरावं लागतं. तू दाबलंस की तुला दुसरं कुणी ऐकू येत नाही, आणि तू 'ओव्हर' म्हणेपर्यंत बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. सगळ्यांनी मिळून हळहळायची सोयच नाही. एकेकाने आपलं दुःख पूर्ण सांगायचं, मग पुढच्याने. मध्ये "हो ना, हो ना" नाही, की विषय बदलणं नाही. सोलापूरचे दादा बोलता बोलता रडायला लागले आणि त्यांचा अंगठा बटणावरच राहिला. कुणाला त्यांची समजूतही काढता येईना, कारण त्यांना आम्ही ऐकूच येत नव्हतो. मग त्यांचं त्यांनाच कळलं, "सॉरी, ओव्हर" म्हणाले. मला वाटतं, इतकं नीट ऐकून घेतलेलं सांत्वन मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

भाऊ देवमाणूस होते असं जो तो म्हणाला. नव्हते गं. नवख्यांवर असे खेकसायचे की एकदोघांनी नेटवर येणंच सोडलं. त्यांचा मुख्य राग एकाच गोष्टीवर. एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याने झटकन बटण दाबलं की संपलंच. "मध्ये श्वासभर जागा सोडा! कुणाला तातडीचं सांगायचं असेल तर तो शिरणार कुठून?" हे ते किल्लारीहून शिकून आले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असताना भूकंप झाला, तेव्हा भाऊ संच, गाडीची बॅटरी आणि तारेचं भेंडोळं घेऊन तिकडे गेले होते. पुढे २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी छंदाच्या मोहिमेसाठी म्हणून पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. त्यांच्याच संचांवरून अंदमानचे निरोप बाहेर आले. ती हकिगत भाऊ प्रत्येक नव्या परवानाधारकाला ऐकवायचेच.

आमच्यात वीस वर्षांच्या पोरालाही 'ओल्ड मॅन' म्हणायचं आणि राजालाही ओल्ड मॅन. जॉर्डनचे राजे हुसेन स्वतः हॅम होते, जेवाय-१ हा त्यांचा कॉल साइन. १९९९ मध्ये ते गेले तेव्हा तेही 'सायलेंट की'च झाले, तसे आता भाऊ. गेलेल्या हॅमला आमच्यात तसं म्हणतात. की म्हणजे मोर्सचं ते टकटक करायचं बटण.

आम्ही काहीजण कराडला गेलो. बेळगाव, सोलापूर, नाशिकहून आलेले. एकमेकांना न पाहिलेली माणसं दारात घोटाळत उभी. सोलापूरच्या दादांनी "येऊ का?" एवढंच म्हटलं, तर वहिनी आतून म्हणाल्या, "या, दादा. सोलापूरचे ना तुम्ही?" आम्ही सगळे रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होतो, हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. कुणाच्या सुनेला मुलगा झाला, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं त्यांना पाठ.

मग कामाला लागलो. परवाना नसताना वायरलेस संच घरात ठेवता येत नाही, त्यामुळे ते सगळं कुणाच्या तरी नावावर करायला हवं होतं. त्याचे कागद नाशिककरांनी अंगावर घेतले. गच्चीवरची ६६ फुटी तार उतरवली. लोखंडी खांब मात्र वहिनींनी काढू दिला नाही. "राहू दे, वाळवणाची दोरी बांधायला बरा आहे." खोलीत दोन घड्याळं होती, त्यातलं एक साडेपाच तास मागे. ते जागतिक वेळेचं, लॉग लिहिण्यासाठी. पाहुणे ते दुरुस्त करायला निघाले, की म्हणे भाऊ ओरडायचे.

माझ्या वाट्याला आलं ते खालच्या खणातलं. बोलणं झाल्याची खूण म्हणून हॅम एकमेकांना कार्ड पाठवतात, क्यूएसएल म्हणतात त्याला. लोकांची आलेली आणि भाऊंकडून उत्तर द्यायची राहिलेली कार्डं तिथे होती. जपानची, युक्रेनची, ब्राझीलची. गेलेल्या माणसाच्या नावाने उत्तर द्यायचं का, यावर नेटवर दोन सकाळी वाद झाला. माझं मत सरळ होतं. बोलणं झालं आहे, त्यांच्या वहीत तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी सगळं नोंदवलेलं आहे, मग समोरच्याचं कार्ड का बुडवायचं? शेवटी ठरलं की उत्तर भाऊंच्याच कार्डावर जाईल आणि खाली सही माझी, माझ्या कॉल साइनसह. सध्या रोज रात्री जेवणं झाली की वही उघडून बसते. भाऊंचं अक्षर भयंकर आहे.

त्यात एक कार्ड बॅलारॅटच्या गृहस्थांचं आहे, म्हणजे तुझ्या मेलबर्नपासून फार लांब नाही. त्याचं उत्तर तुझ्या ताईबरोबर पाठवतेय. पत्ता घातलाय, तिथलं तिकीट तेवढं लावून टाक. आणि तिची बॅग आधीच जड आहे म्हणते, तेव्हा भाजणी या खेपेला अर्धा किलोच.

तुझी,
सुधा